खेकडेवाल्या मॅडम

मॅडम फ्लास्क आधी हुंगत. वाढायला ठेवलेल्या जिवाणूंचा फ्लास्क, तो सतत हलवत ठेवणाऱ्या शेकरमधून काढून त्यांच्या हातात दिला, की कापसाचं बूच किंचित बाजूला सारून त्या तो नाकाजवळ नेत, डोळे मिटत आणि म्हणत, "हे आपले नाईत. यात दुसरं कोनीतरी घुसलं." आम्ही थेंबभर प्लेटवर पसरून ठेवायचो आणि दुसऱ्या दिवशी बघायचो, तर खरोखरच भलत्याच वसाहती उगवलेल्या असत. एम.एस्सी.च्या मुलांमध्ये या नाकाची दंतकथा झाली होती. मीही ती वर्षभर कौतुकाने सांगत फिरले. मॅडम नाकावर एवढा भरवसा का ठेवतात, हे मला उशिरा कळलं.

गडचिरोलीच्या आमच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र विभागाची प्रयोगशाळा म्हणजे एका लांब वर्गाचे लाकडी फळी टाकून केलेले दोन भाग. पुढच्या भागात मुलांची प्रात्यक्षिकं, मागच्या भागात मॅडमचं संशोधन. मी त्यांची एकुलती एक पीएच.डी.ची विद्यार्थिनी. सगळे मिळून आम्ही तिघं. मॅडम, मी आणि प्रयोगशाळा परिचर देवरावभाऊ, ज्यांना कुठली बाटली कुठल्या कपाटात आहे हे झोपेतही सांगता आलं असतं.

मॅडम चामोर्शीजवळच्या एका खेड्यातल्या. वडील दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानशेतात, राबायचे आणि मुलींना शाळेत धाडायचे. शिकायला आधी नागपूरला आणि मग हैदराबादला गेलेली तिथल्या बौद्ध वस्तीतली पहिली मुलगी म्हणजे मॅडम. हैदराबादेत नोकरी मिळत असताना ती सोडून त्या इथे परत आल्या. लग्न केलं नाही. वर्गात त्यांची भाषा पुस्तकातल्यासारखी नेमकी असे. फळीच्या मागे आल्या की तीच बाई "काऊन वं, पानी उकळलं का नाई?" असं विचारी. मी एकदा म्हटलं, "मॅडम, तुम्ही दोन भाषा बोलता." तर म्हणाल्या, "वर्गात मी नोकरी करून राह्यली. इथी मी राह्यते."

खेकड्यांचं प्रकरण त्यांच्या आईच्या वाडीतून, म्हणजे घरामागच्या परसातून, सुरू झालं. पावसाळ्यात बांधीतले खेकडे पकडून खायचे आणि कवचं वाडीतल्या एका कोपऱ्यात टाकायची, ही घरोघरची पद्धत. मॅडमच्या लहानपणापासून लक्षात होतं, की त्या कोपऱ्यात लावलेल्या रोपांवर बुरशी फारशी येत नाही. खेकड्याच्या कवचात कायटीन नावाचा चिवट पदार्थ असतो. साखरेचे कण साखळीसारखे एकमेकांत गुंतून तो बनतो. धानावर करपा पाडणाऱ्या बुरशीची भिंतही त्याच पदार्थाची. कवचं कुजवणारा जिवाणू ती साखळी तोडू शकतो, तर तो बुरशीची भिंतही तोडेल. मॅडमनी त्या कोपऱ्यातली माती आणली, जिवाणू वेगळा केला आणि साखळी तोडणाऱ्या त्याच्या एन्झाइमचा जीन शोधून काढला. तो जीन प्रयोगशाळेत सहज वाढणाऱ्या दुसऱ्या जिवाणूत घालायचा, त्याच्याकडून भरपूर एन्झाइम करून घ्यायचं, ते शुद्ध करायचं आणि कुठल्या तापमानाला, कुठल्या आम्लतेला ते किती काम करतं हे मोजायचं, असा माझा प्रबंध.

त्यासाठी कायटीन लागे, आणि बाजारातलं परवडत नसे. मॅडम ज्याला त्याला कवचं मागत. होस्टेलच्या मेसला, कार्यालयातल्या बाबूला, माझ्या घरी. माझी आई वैतागून म्हणाली होती, "तुह्या मॅडमले दुसरं काई सुचत नाई का वं? आमचं खाऊन उरलेलं मागते!" पण पुढच्या आठवड्यात तिनेच धुऊन वाळवलेल्या कवचांची पिशवी भरून दिली. देवरावभाऊ ती कुटत, मी आम्लात आणि मग अल्कलीत धूत असे, आणि शेवटी पांढरंशुभ्र, खरवसासारखं काहीतरी हाती येई. सगळ्या इमारतीत त्या दिवशी वास सुटे. मुलं त्यांना मागून खेकडेवाल्या मॅडम म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. "म्हनू दे," त्या म्हणायच्या. "नाव तं खऱ्या कामावरून पडलं."

वहीच्या बाबतीत मात्र त्या कडक होत्या. पेन्सिल चालत नसे. चूक झाली तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. पहिल्याच आठवड्यात मी अंदाजाने एक आकडा भरला होता. तो त्यांनी पकडला. "प्रणाली, जे दिसलं ते या वहीत लिहायचं," त्या म्हणाल्या. "जे दिसाले पायजे होतं, त्यासाठी दुसरी वही घे अन् ती घरी ठेव."

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात एक दिवस त्यांनी परीक्षानळीत ओतायचं द्रावण नळीच्या बाहेर, टेबलावर ओतलं. ओतत राहिल्या. मी हात धरला तेव्हा थांबल्या. मग मला सगळं एकदम आठवलं. त्यांनी स्कूटर विकून शेअर ऑटोने यायला सुरुवात केली होती. उपकरणावरचे आकडे त्या मला मोठ्याने वाचायला लावत, "तुले सवय व्हावी म्हनून." जिन्याच्या पायऱ्या त्या मोजत चढत.

देवरावभाऊ फडकं आणायला गेले तेव्हा त्या स्टुलावर बसल्या. "नजरेच्या मधातच भोक पडलं हाये," त्या म्हणाल्या. "तुह्या तोंडाकडे पाह्यलं तं तुहे कान दिसते, तोंड नाई दिसत. साखर डोळ्याच्या पडद्यावर गेली. नागपूरले सुया घेऊन राह्यली डोळ्यात."

"कॉलेजात सांगितलंत?"

"सांगून? या विषयाची गाइड इथी मी एकटीच हाये. माह्यं नाव निघालं तं तुह्यं काम कुठी जाईन?" मग म्हणाल्या, "चार वर्षं बाकी हायेत रिटायर व्हाले. एवढं एन्झाइम हाती येऊ दे. तवरोक तू पाह्य, मी सांगते कुठी पाहाचं."

त्या दिवसापासून मी त्यांचे डोळे झाले. याचा मला अभिमान होता, हे लपवत नाही. प्लेट उजेडाकडे धरून त्या विचारत, "दिसते का?" मी सांगे. त्यावर त्या पुढचं ठरवत. माझ्या एका शब्दावर त्यांचा आठवडा ठरत असे, आणि त्या शब्दावर त्यांनी कधी शंका घेतली नाही.

एन्झाइम मात्र हाती येत नव्हतं. जिवाणू ते भरपूर तयार करत, पण नीट घडी न पडलेलं. पेशी फोडल्या की सगळं गोळा होऊन तळाशी बसायचं. तो गाळ निरुपयोगी. वरच्या पाण्यात विरघळलेलं थोडं जरी मिळालं, तरी पुढचं शुद्धीकरण करता आलं असतं. सात महिने आम्ही हे बदल, ते बदल करत होतो. दर वेळी जेल चालवायची, म्हणजे पारदर्शक, लिबलिबीत अशी एक पातळ पट्टी, जिच्यात प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी होतात आणि निळा रंग दिला की पट्ट्यांसारखी दिसतात. गाळाच्या रांगेत जाडजूड पट्टा. पाण्याच्या रांगेत त्या जागी काही नाही. "दिसते का?" "नाही, मॅडम." सात महिने हेच.

फेब्रुवारीत त्या नागपूरहून सकाळच्या बसने थेट कॉलेजात आल्या. चेहरा उतरलेला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की आता सुयांचा उपयोग नाही, आहे तेवढं किती दिवस टिकेल तेही सांगता येत नाही. हे त्यांनी मला दोन वाक्यांत सांगितलं आणि विचारलं, "जेल झाली का?" त्यांनी काही खाल्लंही नव्हतं.

मी जेल दिव्याच्या पेटीवर ठेवली. त्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि तोंड जरा तिरकं करून, कडेच्या नजरेने बघायला लागल्या.

"दिसते का?"

पाण्याच्या रांगेत काही नव्हतं. मी पुन्हा पाहिलं. काही नव्हतं. मी म्हटलं, "दिसतो, मॅडम. पुसट आहे, पण आहे."

का म्हटलं, याची उत्तरं मी इतकी वर्षं देत आले आहे. त्यांचा चेहरा बघवेना, हे खरं. मलाही तो पट्टा हवा होता, माझं वय वाढत होतं, घरचे लग्नाचं काढत होते, हेही तेवढंच खरं. दुसरं कारण मी फार दिवस स्वतःला सांगितलं नाही.

मॅडम खाली बसल्या. हसल्या आणि मग पदराने डोळे पुसले. बहिणीला फोन लावला. "लीलाबाई, निघालं वं, आपल्या वाडीतलं निघालं." देवरावभाऊंना पाठवून चिवडा आणवला आणि स्वतः वर्गात जाऊन मुलांना वाटला. वहीत मी लिहिलं, 'पुसट पट्टा'. पेनने.

त्याच महिन्यात त्यांनी नागपूरच्या एका परिषदेला निबंधाचा सारांश पाठवला. आम्ही पुढच्या टप्प्याला लागलो. शुद्धीकरणाच्या कॉलममधून, म्हणजे गाळणीसारख्या उभ्या नळीतून, द्रावण सोडलं, तर शेवटी हाती काही येईना. इथे मी खरं सांगत होते, "काही दिसत नाही, मॅडम." त्यांची समजूत झाली, की आधी होतं ते कॉलमवर नष्ट होतंय. मग कॉलम बदलला. द्रावणाची आम्लता बदलली. कायटीनवर एन्झाइमचं काम तपासलं, तर एन्झाइमने बदलायला हवा होता तो नळीतला पिवळा रंग पिवळाच राहिला. मग त्यांनी पाण्यावर संशय घेतला, रसायनांवर घेतला, स्वतःच्या आकडेमोडीवर घेतला. एक दिवस सगळी आकडेमोड मला मोठ्याने वाचायला लावून त्यांनी तोंडी पुन्हा केली. माझ्यावर संशय त्यांनी घेतला नाही. मी रोज ठरवत असे, की आज सांगू. रोज त्या काहीतरी नवं शोधून आलेल्या असत आणि सांगणं आणखी कठीण होत असे.

शेवटी त्यांनी ठरवलं, की कायटीनच जुनं झालंय. धानाची रोवणी सुरू झाली होती, बाजारात खेकडे यायला लागले होते. एका आठवडी बाजाराच्या दिवशी, कोणालाही न सांगता, त्या एकट्या बसने चामोर्शीला गेल्या. दुपारी देवरावभाऊंचा मला फोन आला. बाजाराजवळच्या उघड्या नालीत मॅडम पडल्या होत्या. खेकडे विकणाऱ्या बायांनीच त्यांना उचलून दवाखान्यात नेलं होतं. उजवं मनगट मोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. विधवा झाल्यापासून थोरली बहीण, लीलाबाई, त्यांच्याकडे येऊन-जाऊन असत. त्या आत भात टाकत होत्या. मॅडम प्लास्टरचा हात उशीवर ठेवून बसल्या होत्या आणि मी दिसताच म्हणाल्या, "कवचं आनली मी. पिशवी सोडली नाई हातातून. देवरावभाऊले दे, ताजी हायेत."

मग मी सांगितलं. फेब्रुवारीतला पट्टा नव्हता. कॉलम चांगला आहे, पाणी चांगलं आहे, कायटीन चांगलं आहे. मुळात एन्झाइमच नव्हतं.

आत लीलाबाईंच्या झाऱ्याचा आवाज येत होता.

"अजिबात नव्हता? का तुले तसं वाटलं होतं?"

"अजिबात नव्हता, मॅडम."

"माह्यावर दया केली तू."

मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "दया कराले घरी मानसं हायेत मले, प्रणाली. तिथी मले डोळे पायजे होते."

याहून मोठ्या आवाजात त्या बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

त्याच दुपारी त्यांनी मला पत्र लिहायला बसवलं. परिषदेच्या आयोजकांना. प्रयोगशाळेत निरीक्षणाची चूक झाली आहे, सारांश मागे घेत आहे, जबाबदारी माझी. मी म्हटलं, माझं नाव घाला, चूक माझी आहे. "कागद माह्या सहीनं गेला होता. वापस बी माह्याच सहीनं येईन." त्यांनी डाव्या हाताने सही केली. ती ओळीच्या खाली घसरली. कॉलेजात आल्यावर वही काढायला लावली. 'पुसट पट्टा'वर मी एक रेघ मारली, खाली 'पट्टा नाही' लिहिलं आणि दोन्ही दिवसांच्या तारखा घातल्या.

त्यांनी मला काढून टाकलं नाही. कामही कमी केलं नाही. पण त्यानंतर कुठलीही जेल, कुठलीही प्लेट आली, की आधी देवरावभाऊ बघून सांगत, मी बाहेर उभी. मग मी आत, देवरावभाऊ बाहेर. दोघांचं जुळलं तरच त्या पुढे जात. देवरावभाऊ संकोचून जायचे. बाहेर येताना माझ्याकडे न बघता पुटपुटायचे, "मॅडम सांगून राह्यल्या म्हनून, बाई." मॅडम पूर्वीसारख्याच बोलत, चहा पाजत, आईची चौकशी करत. फक्त तो एक प्रश्न त्यांनी मला एकटीला परत कधी विचारला नाही.

पत्र गेलं, तशी विचारणा आली. एवढ्या अनुभवी बाईंच्या हातून अशी चूक कशी झाली, म्हणून प्राचार्यांनी बोलावलं. मॅडमना उत्तर देणं भाग होतं. खोटं त्या बोलणार नव्हत्या आणि माझं नाव घेणार नव्हत्या. मग एकच गोष्ट सांगण्यासारखी उरत होती. त्यांनी डोळ्यांचं सांगितलं. कोणी वाईट वागलं नाही. सगळे हळहळले. पण आम्ल-अल्कलीच्या खोलीत न दिसणाऱ्या माणसाला ठेवता येत नाही, हेही सगळ्यांना पटलं. दिवाळीच्या सुट्टीआधी त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. मला गाइड म्हणून चंद्रपूरच्या एका सरांच्या नावावर लावून दिलं, काम मात्र इथल्याच प्रयोगशाळेत ठेवलं, त्यासाठी स्वतः लीलाबाईंचा हात धरून चंद्रपूरला गेल्या. जी चार वर्षं त्यांना हवी होती, त्यातली दोनही मिळाली नाहीत. ती मी घालवली.

जाताना म्हणाल्या, "हे एन्झाइम घाईनं बनते म्हनून बिघडते. थंडीत बनव. आपल्याजवळ थंड करनारा शेकर नाई, तं पौषात हाच शेकर मांगच्या वऱ्हांड्यात नेऊन ठेव."

पौषात आम्ही तसंच केलं. देवरावभाऊंनी लांब वायर जोडली. वऱ्हांड्यात जिवाणू सावकाश वाढले, एन्झाइम सावकाश तयार झालं. तिसऱ्या खेपेला पाण्याच्या रांगेत पट्टा आला. कोणी मुद्दाम शोधावा असा पुसट नव्हे, सरळ, निळा. देवरावभाऊ आधी बघून आले होते. मी आतून हाक मारली तेव्हा ते बाहेर भिंतीला टेकून रडत होते. पांढऱ्या कायटीनच्या प्लेटवर थेंब टाकला, तर सकाळी तिथे काचेसारखं स्वच्छ वर्तुळ पडलेलं होतं.

पुढचं वर्ष मोजण्यात गेलं. एन्झाइम काम करत होतं, पण नाजूक होतं. आमच्याकडच्या उन्हाच्या तडाख्यात तासाभरात निकामी व्हायचं. बुरशीची वाढ थोडी अडवायचं, थांबवायचं नाही. शेतात फवारावं असं ते नव्हतं. मी फोनवर हे सगळं सांगितलं. मॅडमनी एकच विचारलं, "किती वेळा करून पाह्यलं?" मी सांगितलं. "मंग तसंच लिही," त्या म्हणाल्या. मी तसंच लिहिलं. पदवी मिळाली. प्रबंध कपाटात गेला. मी आता एटापल्लीच्या कॉलेजात शिकवते.

त्यांची शेवटची भेट झाली ती भादव्यात, त्यांच्या गावी. निवृत्तीनंतर त्या लीलाबाईंसोबत तिथेच राहायला गेल्या होत्या. साठवलेल्या पैशातून वडील राबायचे त्याच शिवारात थोडी बांधी घेतली होती. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. किडन्याही बिघडल्या होत्या. पाय सुजलेले. ओसरीत खाटेवर बसून त्यांनी माझ्या कॉलेजची, मुलांची, एसटीच्या वेळांची बारीक चौकशी केली. मग म्हणाल्या, "बांधीकडे चक्कर मारून ये. धान कसं हाये, सांग."

"म्या रोज सांगतो ना तुले," लीलाबाई आतून म्हणाल्या. "हिरवंगार हाये."

मी गेले. लीलाबाई घाईने मागे आल्या. धुऱ्यालगतच्या, म्हणजे शेताच्या हद्दीजवळच्या, तीन बांध्यांत पानांवर ठिपके होते, मध्ये राखाडी, कडेने तपकिरी, दोन्ही टोकांना निमुळते. लीलाबाईंनी माझा हात धरला. "बोलू नको वं पोरी. डॉक्टरनं तिले तरास द्याचा नाई म्हनलं. किती दिस राह्यले तिचे? खुशीत जाऊ दे."

त्यांचं चुकत होतं असं मी आजही म्हणू शकत नाही.

मी ओसरीत परत आले आणि सांगितलं, "करपा आहे, मॅडम. धुऱ्याकडच्या तीन बांध्यांत. बाकीच्यांत अजून नाही."

मॅडमनी मान वळवली. "लीलाबाई, कवापासून?"

"आठ दिस झाले."

मग त्यांनी मला एक रोप उपटून आणायला लावलं. खालच्या पानावर किती ठिपके, वरच्या पानावर किती, लोंबीच्या मानेवर आहे का. मी एकेक पान धरून सांगत गेले, त्या बोटांवर मोजत गेल्या. तासभर त्या आजारी दिसल्या नाहीत. शेजारच्या फवारणीवाल्याला बोलावून औषध कुठलं, पाणी किती, कुठल्या बांधीपासून सुरुवात करायची, सगळं सांगितलं. लीलाबाई माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत, पण ताट वाढलं.

निघताना मॅडम भिंत धरत दारापर्यंत आल्या. हळू म्हणाल्या, "तिच्यावर राग धरू नको. रोवना तिनं केला हाये. तिलेच जास्त वाईट वाटून राह्यलं." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बस सुटायची वेळ झाली म्हणून तो काढून घेतला.

फवारणीनंतर अर्धं धान वाचलं, असं देवरावभाऊंनी मला फोनवर सांगितलं. कापणीला मॅडम नव्हत्या.